ऑर्डर

सुया आधी गेल्या.
मग कात्री, मग टाचण्यांची डबी,
मग इस्त्री. ती शेजारी तबस्सुमकडे ठेवली.
सिव्हिलमध्ये नर्स आहे ती, तिनेच बजावलं :
काका, काकूंचे हात रिकामे ठेवू नका,
फक्त टोक असलेलं काही नको.

चाळीस वर्षं शिवणक्लास चालवलेल्या बाईच्या घरात
टोक नसलेलं काय असतं?
शोधत बसलो.

गोडोलीत डिसेंबरात
सकाळी नऊपर्यंत अजिंक्यतारा नसतोच.
मालन खिडकीशी उभी राहून म्हणते, गेला वाटतं.
मी म्हणतो, येईल उन्हाबरोबर.
येतो.
तिला दररोज नव्याने हायसं वाटतं.

पहिल्यांदा लोकर दिली, जाड, पिवळी.
लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यांना भोकं पाडली
माझ्या जुन्या तिकिटाच्या चिमट्याने
(डेपोत जमा करायचा राहिला, तो राहिलाच).
या भोकातून लोकर त्या भोकात. चार दिवस चाललं.
पाचव्या दिवशी म्हणाली, हे पोरांचं काम आहे.
बरोबर होतं तिचं.

मग मणी. बेंदराला बैलांच्या गळ्यात घालतात
तसले ठसठशीत.
एक तोंडात गेला.
बोट घालून काढला, तर चावली.
अंगठ्यावर अजून खूण आहे.
कशाची, ती विचारते.
दाराची, म्हणतो.

संक्रांतीला अजून तीन आठवडे होते.
मोती चौकातून पाव किलो हलवा आणला, सहजच,
वाटीत ओतला,
आणि तिने हात पुढे केला.
दोरा द्या.

दोन पदर, मध्ये दाणा, गाठ.
दोन पदर, दाणा, गाठ.
सुई लागतच नाही या कामाला.
सेहेचाळीस वर्षांच्या संसारात
हे मला माहीत नव्हतं.
दाणा तोंडात गेलाच तर साखर.
डॉक्टर म्हणाले, शुगर बघू, दोन-चार माफ.

बाजूबंद झाला. चिंचपेटी झाली.
कुणाच्या तरी बोरन्हाणासाठी एवढीशी बासरी.
कुणाचं हे सगळं, मी विचारलं.
ऑर्डर आहे. शुक्रवारी नेणार आहेत.
आणि दिवेलागणीला मलाच गिऱ्हाईक केलं :
दीडशे झाले. सुट्टे आहेत का?

एसटीत तेहेतीस वर्षं
हे वाक्य माझं होतं.

दिले.
तिने मोजून बिस्किटांच्या डब्यात टाकले.
सकाळी ती आंघोळीला गेली की मी काढून घेतो.
शंभराची एक, पन्नासची एक,
महिनाभर त्याच दोन नोटा घरात फिरतायत.
तिकीट कमी नाही, पैसा जास्त नाही.

रात्री ती झोपली की
दागिने घेऊन दिव्याखाली बसतो.
दाणा वाटीत, दोरा रिळाला.
मुंग्यांच्या आधी उरकावं लागतं.
तिचं काम उद्या संपू नये,
एवढंच माझं काम.

सुरुवातीला नखं मोडली.
गाठी अशा, की रांगत्या पोराने ओढल्या तरी
हलू नयेत.
पुढे पुढे सोपं जाऊ लागलं.
म्हटलं, हात बसला आपला.

संक्रांत गेली. रथसप्तमीही गेली.
हलवा पिवळट पडला, निम्मा चुरा झाला,
बाजारात आता मिळत नाही
म्हणून जपून वापरतोय.

काल तबस्सुमची लेक तिच्याजवळ बसली होती.
म्हणाली, आजी, ही गाठ ढिली राहिली बघ.
मालनने मान वर केली नाही.

राहू दे.
रात्री कोणीतरी बसून सोडवतो ते.
म्हातारा आहे बिचारा,
दिसत नाही त्याला नीट.

मी दारातच होतो, दुधाची पिशवी हातात.

संध्याकाळी हिशोब झाला. दीडशे.
बिचारा म्हणाली होती खरी,
पण रुपया सोडला नाही.