लोपबिंदूचा खिळा

आधी पेन्सिल तासायला शिका.
टू-एच. टोक असं हवं
की टेकवण्याआधी कागदानं सावरून बसावं.
घरून आणलेली जाड पेन्सिल दप्तरात ठेवा,
तिनं झाडं काढतात. आपण खोका काढणार.

जिवाजीगंजातली गच्ची, मे महिना, सकाळचे सहा.
पाच मुलं, तीन बोर्ड, एक टी-स्क्वेअर,
त्याची एक कड उंदरानं खाल्लेली,
म्हणून त्या कडेनं रेष ओढायची नाही. हा पहिला नियम.

क्षितिज कुठंय? मी विचारतो.
सगळी बोटं किल्ल्याकडे.
किल्ला तर आडवा पडलाय शहराच्या उशाशी,
त्याच्यामागं काय चाललंय ते त्याचं त्याला ठाऊक.
नाही रे, क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं.
तुम्ही बसलात की तेही बसतं.
अंगद तेवढ्यात पाण्याच्या टाकीवर,
तिथून ओरडतो, सर, वर आलं!
त्याला खाली उतरवण्यात दहा मिनिटं जातात.

हात ताठ. एक डोळा मिटा. पेन्सिलीनं टाकी मोजा.
चौघांची तोंडं चिंच खाल्ल्यासारखी.
फरहीनला मिटावा लागत नाही,
तिचा डावा जन्मापासून नुसता नावाला.
तिचं माप सगळ्यांत आधी बरोबर येतं.
मी काही बोलायच्या आत तीच म्हणते,
सर, यांना जरा सोपं करून सांगा ना.

खोक्याच्या कडा लांबवत नेल्या तर
लोपबिंदू बोर्डाबाहेर जातो, गच्चीबाहेर,
थेट कुलश्रेष्ठांच्या भिंतीत.
तिथं मी खिळा ठोकला, विचारून.
म्हणजे, ठोकल्यावर विचारून.
खिळ्याला दोरा, टोक मुलांच्या हातात.
दोरा सांगेल तशी रेष.

मग रूळ.
पस्तीस वर्षं छोट्या गाडीच्या वर्कशॉपात
मी डब्यांचे नकाशे काढले,
रुळांत अंतर दोन फूट,
आणि डब्यात मावली नाहीत तेवढी माणसं छतावर.
दोन्ही रूळ खिळ्याकडे न्या, मिळवा.
देवांग म्हणतो, मिळाले तर गाडी पडेल की.
मग स्वतःच म्हणतो,
पण गाडी बंदच झाली ना, सर.

मी विषय बदलतो. तुटक रेष.
जे आहे, पण इथून दिसत नाही,
खोक्याची मागची कड, आतलं भोक,
ते सगळं तुटक रेषेनं.
तीन मिलिमीटर रेघ, एक मिलिमीटर फट.
कंटाळा आला तरी फट तेवढीच.

आणि जे दिसतं, पण नसतं, ते?
फरहीन.
म्हणजे काय?
म्हणजे ते, रूळ मिळतात ते.

मध्यरेषा आठवली, छेदरेषा, मापरेषा,
साहेबांच्या लाल शाईच्या खुणासुद्धा आठवल्या.
हिच्या प्रश्नाला त्यांत रेष नव्हती.
बारीक काढ, म्हटलं. दाबू नकोस.
तिनं दाबली नाही.
कागद तिरपा धरला तरच दिसत होती.

आठ वाजता ऊन बोर्डावर चढतं, डोळे दिपतात.
बोर्ड जिन्याखाली, दोरा गुंडाळून डब्यात.
खोडरबराचा चुरा फुंकू नका, थुंकी उडते,
फडक्यानं झटका.
उद्या पुन्हा सहाला.
पण आधी कुणीतरी पलीकडे जाऊन काकूंना सांगा,
त्यांनी खिळ्याला भेंडीची पिशवी अडकवलीय.