चौदाव्या मजल्यावरची पाचवी

गेटवर रोज तेच. वही पुढे येते.
नाव : अनसूया मढवी. कुठून : करावे गाव.
कुणाकडे : चौदाशे तीन. काम : बाळ-बाळंतीण.
वॉचमन, सिवानचा पोरगा, म्हणतो, जाव मावशी.
या गेटच्या जागी आमचं खाचर होतं,
त्याला एकदा सांगितलं. तो म्हणाला, अच्छा?
परत नाही सांगितलं.

वर दार उघडते युनजी.
तिला मराठी येतं पाच शब्द :
बस, गरम, हळू, दुखतं, झालं.
बाळंतिणीला तेवढे पुरतात.
बाकी पाठ बोलते, अंगठ्याला कळतं.

तिची आई यायची होती. तिकीट काढलेलं.
मग तिकडे, बुसानला, न्हाणीत घसरली, खुबा मोडला.
आता ती तेलाच्या बाटलीला टेकून बसते, फोनमध्ये,
आणि माझे हात बघते.
पोरीचे पाय ओढले की तिकडून ओरडते.
नाक ओढलं की गप्प.
नाकाबद्दल आमचं दोघींचं एकमत असावं.

नवरा ताएसिक दिवसातून तीनदा शेवाळाचं सूप रांधतो,
काळंहिरवं, बुळबुळीत.
मी डिंकाचे लाडू नेले.
युनजीनं एक खाल्ला, दोन मिक्सरमागे लपवले.
मीही पहिल्या दिवशी तिचं सूप
बेसिनमध्ये ओतलं, नळ मोठा सोडून.
तिसऱ्या दिवशी वाटी संपवली.
वास ओळखीचा होता,
खाडीचा, भराव पडायच्या आधीचा.

पोरीच्या ढुंगणावर निळा डाग.
मी म्हटलं, सटवाईचा हात.
युनजी फोनशी काहीतरी बोलली,
मग फोनमधली बाई कोरड्या आवाजात मराठी वाचू लागली :
आजी देवी आहे. आजीने चापट मारली. बाहेर जा, असे म्हणाली.
मी तेल लावायची थांबले.
म्हणजे तिकडेही एक म्हातारी आहे,
आणि तिकडेही तिला धीर धरवत नाही.

पाचवीला पाटा कुठून आणणार त्या घरात?
घरचा वरवंटा पिशवीत घातला.
गेटवर पिशवी उघडली.
ये क्या है मावशी?
दगड, म्हटलं.
त्यानं वहीत लिहिलं, पत्थर, एक.

वरवंट्याला हळदकुंकू. शेजारी दिवा.
ताएसिकनं प्रिंटरमधला कोरा कागद काढून दिला, पेन दिलं,
आणि विचारलं, ती कुठल्या भाषेत लिहिणार?

बासष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं.
चार पोरांच्या पाचव्या केल्या, अकरा नातवंडांच्या,
गावातल्या किती, मोजल्या नाहीत.
सटवीला लिहिता येतं, एवढंच ठाऊक.
माझ्या कपाळी लिहिलंन ते सिडकोच्या नोटिशीसारखंच,
अंगठा आधी घेतला,
वाचून कुणी दाखवलं नाही.
साडेबारा टक्के, म्हणाले.
कशाचे, ते मागाहून कळलं.

मी म्हटलं, तिला सगळ्या येतात.
ताएसिकनं मान हलवली, अगदी मनापासून,
आणि कागदाशेजारी भाताची वाटी ठेवली, पाणी ठेवलं, सूप ठेवलं,
त्यांच्या म्हातारीसाठी.
दोघी एकाच वेळी आल्या तर भांडतील का,
हे मी नाही विचारलं.

रात्रभर जागले. पोर दोनदा उठली.
फोनमध्ये बुसानची आजी तोंड उघडं टाकून झोपली होती,
फोन कुणीच बंद केला नाही.
पहाटे कागद कोरा. तो कोराच असतो.
युनजीनं तरीही तो उजेडाकडे धरून पाहिला,
दोन्ही बाजूंनी.

खाली उतरले तर पोरगा स्टुलावर पेंगत होता.
विचारलं, तुमच्यात काय ठेवतात सहाव्या रात्री?
छठी? तो उठून बसला. काजल.
फुआ लगाती है.
मग म्हणाला, मेरी भी हुई है, मावशी. सावन में.
अभी देखी नहीं.

मिक्सरमागचे लाडू पिशवीत होते.
दिले त्याला.
वरवंट्याखाली येऊन
जरा चेपले होते.