कोपरापर्यंतची नदी

डिचोलीच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानावर,
लोखंडी जिना चढून गेलं की डॉक्टर उर्सुलाची खोली.
ती चीनला गेली होती डॉक्टरकी शिकायला.
येताना आणखी एक विद्या घेऊन आली,
कस्टमवाल्यांना बॅगेत न सापडलेली:
पोरांना हातांनी बरं करायची.

सुलक्षाची छाती रात्री दोननंतर वाजायची,
चढावर पहिल्या गिअरमधला ट्रक वाजतो तशी.
मला तो आवाज कळतो.
बावीस वर्षं मी तोच ऐकत
शिरगावहून सारमानसच्या धक्क्यावर माती नेली.

"पंप बंद करायचा नाही," उर्सुला आधीच म्हणाली,
"हे त्याच्या जोडीला."
मग पोरीचा पंजा तिनं उताणा धरला
आणि मला नकाशा दाखवला:
अंगठ्यात प्लीहा, तर्जनीत यकृत,
मधल्या बोटात काळीज,
अनामिकेत फुप्फुस, करंगळीत मूत्रपिंड.
सगळी पोर एका पंजात.
आणि मी तो पंजा धरून
तिला आजवर फक्त रस्ता ओलांडून देत होतो.

"आणि ही नदी."
मनगटापासून कोपरापर्यंत, आतल्या अंगानं,
दोन बोटं पाण्यात बुडवून सरळ सारत न्यायची.
ताप उतरतो म्हणे.
"खालून वर. उलटी कधीच नाही."
मी म्हटलं, डॉक्टर, आमची मांडवी
भरतीला रोज उलटी वाहते.
ती हसली. "ही नाही वाहणार."

मग मी अंगठा टेकवला
आणि सुलक्षानं हात ओढून घेतला.
"बाबा, काटे."

उर्सुलानं माझे तळवे उजेडात धरले.
स्टिअरिंगचे घट्टे, भेगा,
भेगांत तांबडी रेघ.
खाण बंद होऊन किती वर्षं झाली,
ती रेघ कुठल्या कोर्टाचं ऐकत नाही.
"उपचार इथून सुरू," ती म्हणाली.
चिठ्ठीवर औषध लिहिलं माझ्या नावाचं:
दत्ता गावस, खोबरेल, कोमट पाणी, आठ दिवस.

आठ संध्याकाळी मी न्हाणीच्या पायरीवर
घमेल्यात हात बुडवून बसलो.
शेवंती कुंडईहून पाळी संपवून आली, म्हणाली,
"लग्नात हळदीला बसला नव्हता एवढा शांत."
शेजारची रोमाल्दीन फेणीची बाटली देऊन गेली,
"चीन बीन नाका, छातीक हें लाय."
तीही ठेवली. थोडी मी प्यालो.

नवव्या रात्री हात ओढला नाही.
अनामिकेवर तीनशे वेळा, न घाई करता.
मोजायची मला सवय. खेपा मोजत आलोय.
मग पालथी झोपवून पाठ,
माकडहाडापासून मानेकडे
चिमटीत कातडी धरत, सोडत, पुढं सरकत,
तिसऱ्या चिमटीला जरा वर उचलून.
पाठीची खडी न् खडी बोटांना लागली.
एवढ्या लहान रस्त्यावरून
मी कधी इतका सावकाश गेलो नव्हतो.

बरी झाली का, विचारतात लोक.
पावसाळ्यात दोनदा पंप लागला.
मागच्या वर्षी किती, ते मोजलं नव्हतं.
जेवते. दोननंतर कधी कधी मीच जागा असतो,
आवाजाची वाट बघत,
आणि तो येत नाही.

परवा खोकला मलाच होता. जुना, तांबडा.
ती आली, माझी बाही वर सारली,
बोटं तांब्यात बुडवली आणि नदी सुरू केली,
खालून वर, केसांतून वाट काढत.
सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, साठ.

कंत्राटदारानं एकदा माझ्या तीन खेपा खाल्ल्या होत्या
तेव्हा मी त्याची कॉलर धरली होती.
इथं वीस गेल्या.
मी हात तसाच ठेवला.
एकसष्ट, ती म्हणाली.