दहात किती

कणकवलीहून कौस्तुभ नावाचा पोरगा येतो
मंगळवारी आणि शुक्रवारी,
पाय उचलायला लावतो, हवेत धरायला लावतो,
आणि विचारतो, आजी, आज दुखणं दहात किती?

दहात मी कधी मोजलं?
आचऱ्याच्या खाडीत चाळीस वर्षं खुबे काढले,
शेकड्याने विकले,
वर पाच घातले, गिऱ्हाईक तुटू नये म्हणून.
आणि कोल्हापूरला नेऊन माझाच खुबा काढला.
त्याला म्हटलं, ओहोटीला चार, भरतीला सात.
त्याने कागदावर साडेपाच लिहिलं.

चौथा महिना सरला.
डॉक्टरांनी फोटो उजेडावर धरला,
बघा, किती छान बसलाय.
बघितला. गोल, पांढरा,
शिजल्या माशाच्या डोळ्यासारखा.
माझ्या आत, आणि माझा नाही.
फोटोत सगळं होतं, दुखणं तेवढं नव्हतं.
म्हणजे ते मीच कुठून तरी आणलेलं,
परतीच्या यष्टीत मांडीवर घेऊन बसले त्याला,
तिकीट न काढता.

खाटेच्या चार पायांखाली मुलाने चार चिरे घातलेत.
उंचावर झोपते, पाहुण्यासारखी.
मांड्यांत उशी. पायावर पाय नाही. वाकायचं नाही.
परकर पडला तर आंब्याच्या आकडीने उचलते,
कैरी पाडावी तसा.
आणि जमिनीवर बसायचं नाही, कधीच.
कधीच म्हणताना डॉक्टर घड्याळ बघत होते.
मला विळी आठवली.
सून बांगडे ओट्यावर कापते, उभ्याने, सुरीने.
चव तीच लागते.
तिला मी तसं सांगितलेलं नाही.

वीतभर टाका आहे.
जाळं विणणाऱ्याचा हात असता
तर गाठी अशा वर आल्या नसत्या.
त्याच्या कडेची कातडी मुकी,
चिमटा काढला तर दुसऱ्या कुणाला काढल्यासारखा.
आतलं मात्र बोलतं.
आधी बोंबलायचं,
आता शेजारणीसारखं, जाते गं, जाते गं म्हणत
दाराला टेकून रात्रीचे तीन वाजवतं.

काय गे, अजून दुखता?
विचारतात असं, की मी पैसे परत मागत असावे.
वरच्या वाडीतल्या रतनने म्हणे
दुसऱ्या महिन्यात विहिरीचं पाणी ओढलं.
ओढलं असेल.
तिची विहीर, तिचं पाणी.

बुधवारी सुकती मोठी होती.
फिलूबाय आली, रुक्मा आली,
देवळाच्या मंडपातली लाल खुर्ची घेऊन आल्या.
चल गे, म्हणाल्या. सून नको म्हणत होती.
घरापासून खाडी दोनशे पावलं,
मी चारशे केली.
चिखलाच्या कडेला बसवलं मला महाराणीसारखं,
आणि खुर्ची बसू लागली खाली,
एका बाजूने, नेमकी माझ्याच बाजूने.
बुडता गे बुडता, रुक्मा ओरडली,
आणि आम्ही तिघी हसत सुटलो.
हसलं की तिथे ओढतं.
तरी हसले.

त्या खणत होत्या, पायांनी चाचपत, वाकून.
त्यांच्या वाकलेल्या पाठी मी बघत होते.
तेव्हा काय दुखलं ते कौस्तुभच्या कागदात बसणार नाही.
मग माझ्यापुढे क्रेट उलटा घातला,
त्यावर ढीग ओतला, मोज म्हणाल्या.
बोटं विसरली नव्हती.
दोन-दोन, पाच-पाच,
सातशेवर चाळीस,
पाणी खुर्चीच्या पायांना लागेस्तोवर.
उठवायला दोघी लागल्या, आणि एक शिवी.

रात्रभर झोप नाही.
शुक्रवारी त्याने विचारलं, दहात किती?
नऊ, म्हटलं.
तो दचकला. आजी, बुधवारी काय केलंत?
मोजत होते, म्हटलं.

त्याने पेन खिशाला लावलं.
पाय उचलला मी हवेत.
बारापर्यंत धरला.
तेरावा त्याने वर घातला.