हातचा

आमच्या सोलापुरात बोलणं 'काय बे'नं सुरू होतं
आणि 'चल बे'नं संपतं,
म्हणून दोनाचा पाढा तुम्हाला जन्मतःच येतो,
असं म्याकल सर म्हणायचे.
बे एके बे. म्हणजे काय?
एकटा असलास तरी समोर कुणीतरी आहे, असं धर.

दाजी पेठेतली शाळा. एप्रिलात पत्रे तापायचे,
भिंतीपलीकडं चादरीचे माग,
सर दोन ठोक्यांमधल्या फटीत बोलायचे.
पुढं माग बंद पडले,
तरी त्यांच्या वाक्यांत त्या जागा
तशाच मोकळ्या राहिल्या.

रागावले की तेलुगूत मोजायचे:
ओकटी, रेंडू, मूडू...
ऐदूपर्यंत पोचलेले मी कधी ऐकले नाहीत.

माझा हातचा हरवायचा. रोज.
एकदा त्यांनी माझ्या तळहातावर खडूनं एक काढला.
'मूठ मीट. हातचा आपल्या घरात ठेवायचा नसतो बे,
शेजारच्या घरात नेऊन द्यायचा.'
मी दुसरीत होते. शाळा सुटल्यावर मिटल्या मुठीनं
सरळ शेजारी, चिट्यालांच्या घरात गेले,
भांडी घासणाऱ्या काकूंसमोर मूठ उघडली.
घामानं एक पुसून गेला होता.
दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग हसला, सर नाही.
त्यांनी माझ्या वहीत खूण केली,
म्हणाले, 'पोचला.'

आई विड्या वळायची. गल्लीतल्या सगळ्याच.
हजार नेल्या की चेकर मूठभर बाजूला सारायचा: छाट.
किती ते तोच ठरवायचा.
एका रविवारी सर आमच्या ओट्यावर बसले,
सुपातल्याच विड्या घेऊन शेकडा म्हणजे काय ते मांडलं.
पाटीला कधी हात न लावलेल्या बायका,
तेंदूच्या पानानं काळी पडलेली बोटं,
संध्याकाळपर्यंत गणित सोडवत होत्या.
सोमवारी मल्लव्वा चेकरला म्हणाली,
'काल शेकडा चार, आज साडेसहा.
माझी बोटं एका रात्रीत बिघडली व्हय?'
त्या दिवशी छाट चाळिसावर थांबली.
पुढं मल्लव्वाला हिशेबाचं वेडच लागलं.
जावयाबद्दल विचारलं तर सांगायची,
'शेकडा साठ बरा हाय.'

मी आता पाणीपुरवठ्यात आहे.
टाकीला वस्त्यांनी भागते. नळ पाचव्या दिवशी.
आकडे कसेही फिरवा, भाग पूर्ण जात नाही,
आणि वरचे साहेब म्हणतात, बाकी सोडून द्या.
मला ते जमत नाही.
सर म्हणायचे, बाकी उरली तर रेघ मारून पळू नका,
ती कुणाची ते शेजारी लिहा.
मी लिहिते. शेवटच्या गल्लीचं नाव.
दर वेळी मान्य होतं असं नाही.

सर गेले ते कळलं तेव्हा मी पंपावर होते.
काही सुचलं नाही, मीटरचे आकडे वाचत राहिले.

तेराव्याला मांडव भरला.
बागवान आला होता, जकार्डचे पत्ते पाडणारा सलीम,
कुणी बँकेतला, कुणी पुण्याहून रात्रीची गाडी धरून,
दोघं-तिघं गणितात कायम नापास झालेले
सगळ्यांत पुढं बसलेले.
कुणाला बोलता येईना.
तेवढ्यात आचाऱ्यानं आतून विचारलं,
माणसं एकशे अठ्ठावीस, तीन-तीन पोळ्या,
तर किती लाटायच्या?

आणि सगळा मांडव एकदम म्हणाला,
तीनशे चौऱ्याऐंशी.

मग जे शांत झालं ते
दोन ठोक्यांमधल्या फटीएवढंच होतं,
पण पुढचा ठोका पडेना.

शेवटी खांबाला टेकलेली मल्लव्वा खाकरली.
'अन् हातचे?
शेजारच्या घरात कोण पोचवणार बे?'

आचाऱ्यानं कानावरची पेन्सिल काढली.