चिठ्ठीवरचं नाव

बोल्गाटांगात बाजार दर तिसऱ्या दिवशी.
मधले दोन दिवस आम्ही धूळ झटकतो.
डिसेंबरात हरमॅटन सुटला
की सहारा चहाच्या कपात येऊन बसतं,
ओठ उलतात, दारं कुरकुरतात,
आणि टोपल्यांचं गवत, कितीही भिजवा,
बोटांत काडकन मोडतं.

गवत तरी कुठे इथलं राहिलंय?
आमचं जळालं, गुरांनी खाल्लं.
आता दक्षिणेहून ट्रकने येतं, कुमासीच्याही पलीकडून,
भारे मोजून, रोखीत.
ते दातांनी चिरायचं, मांडीवर वळायचं,
उकळत्या रंगात बुडवायचं, मग विणायला बसायचं.
एका टोपलीला तीन दिवस,
मूल आजारी असेल तर पाच.

मी विणत नाही. मी चिठ्ठ्या लिहितो,
सहकारी संस्थेच्या पत्र्याखाली, एका लंगड्या टेबलावर.
समुद्राला सणाची घाई नसते,
म्हणून आमचा नाताळ जुलैतच येतो,
नेमका बाजरीच्या निंदणीत.
बायका दिवसा शेतात, रात्री कंदिलाशी,
आणि माझ्या पुढ्यात तीनशे चाळीस टोपल्या.
प्रत्येक कडीला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर एक नाव.
लामिसी. तालाता. आतिपोका. पुन्हा तालाता.
ही नावं पुढे कुठल्या झाडाखाली
चकचकीत कागदातून उलगडतात
ते मला कुणी कळवलेलं नव्हतं.

या डिसेंबरात एक बाई आली. मारेइके, हॉलंडची.
नाक उन्हाने सोललेलं, पाठीवर पिशवी,
आणि पाकिटात जपून ठेवलेली
माझ्याच हातची एक चिठ्ठी.
"आतिपोका कुठे भेटेल?
गेल्या नाताळात बहिणीने मला तिची टोपली दिली."

आतिपोकाला जाऊन नऊ महिने झालेत.
हे कसं सांगावं म्हणून मी पेनाचं टोपण
लावत बसलो, काढत बसलो.
शेवटी तिची लेक, आसिबी, हिच्याकडे बोट दाखवलं.

आसिबीने पुढची टोपली उचलली. "एकशे वीस सेदी."
मारेइकेने दोनशे काढले.
आसिबीचा चेहरा पडला.
"एकशे वीस म्हटलं मी."
"पण तीन दिवसांचं काम..."
"तीन दिवस मी मोजलेत. गवत मोजलंय,
कडीच्या चामड्याचे पैसे मोजलेत.
तुला काय वाटलं, मला हिशेब येत नाही?"

मग सुरू झाली उलटी घासाघीस.
घेणारी चढवतेय, देणारी उतरवतेय.
एकशे ऐंशी. एकशे पंचवीस.
एकशे साठ. उठ, माझं गिऱ्हाईक अडतंय.
शेजारच्या बायका काम टाकून जमल्या,
तालाता तर हसून हसून गवतावरच लवंडली.
अर्ध्या तासाने एकशे चाळीसवर तुटलं,
त्यावर आसिबीने एक पंखा दिला, फुकट,
आणि बजावलं, "पुढच्या खेपेला आधी कमी सांग.
भाव करायचा नसेल तर बोलायचं कशावर?"

टोपली घेऊन मारेइके माझ्या टेबलाशी आली.
ही तिच्या सासूसाठी. नाव हवं.
मी 'आसिबी' लिहिलं. शाई उडाली, पुन्हा लिहिलं.

तोवर आसिबीने ती जुनी चिठ्ठी मागून घेतली होती.
तिला वाचता येत नाही.
"काय लिहिलंय?"
"आतिपोका."
"एवढंच?"
"एवढीच जागा असते."
तिने ती उलटसुलट केली, वास घेतला.
परक्या घरच्या कपाटाचा वास असावा,
किंवा दालचिनीचा, मी विचारलं नाही.
मग डोक्याच्या फडक्याच्या गाठीत,
जिथे ती सुटे पैसे ठेवते, तिथे खोचली
आणि नवी टोपली बुडापासून धरली.

मी माझ्या जागी येऊन बसलो.
ती जुनी चिठ्ठी क्षणभर हातात आली होती तेव्हा दिसलं,
गेल्या वर्षी माझं अक्षर
जरा बरं होतं.