एकतिसावा सेकंद

ट्रेलर सत्तेचाळीस सेकंदांचा.
चार महिने आम्ही तोच पाहतो आहोत.

पुंता अरेनासला जुलैत साडेपाचलाच रात्र होते.
इव्होच्या टायरच्या दुकानामागं एक खोली आहे,
गॅसची शेगडी, पाच जागा,
त्यातली एक भंगारातल्या गाडीची सीट.
भिंतीवर 'सातवा घुमट'चा नकाशा,
पहिल्या भागाचा,
अकरा वर्षांत चारही कोपरे सुटलेला.

एकतिसाव्या सेकंदाला एक दार दिसतं.
दिसतं म्हणजे काय,
बंदुकीच्या नळीआड, धुरात,
पापणी लवेल तेवढंच.
यास्ना म्हणते, हे तेच.
सार्जंटला ज्याच्या पलीकडे टाकून
आपण यानात चढलो, ते.
इव्हो म्हणतो, त्या दाराची कडी डावीकडे होती.
यास्ना म्हणते, आतून पाहिलं तर उजवीकडेच येणार ना, गाढवा!

मग
आतून कोण पाहतंय?

कुणीच बोललं नाही.
बाहेर वाऱ्यानं कुणाचा तरी पत्रा
गल्लीभर ओढत नेला.

मी चौतीस वर्षांची आहे.
इस्पितळाच्या धुलाईघरात चादरी मोजते.
आई विचारते, गोळ्या झाडायचा खेळ, त्याची एवढी काय वाट बघायची?
मी सांगत नाही की चादरी मोजताना
मला घुमटातले जिने आठवतात,
कुठं ऑक्सिजन लपवलेला, कुठं पायरी तुटकी,
आणि माझ्या मागं चालणारा मिर्को,
दर वळणावर म्हणणारा, मागची बाजू माझी, तू जा.

मिर्को आता खेकड्यांच्या बोटीवर आहे.
जुलैत गेला, नोव्हेंबर सरता सरता येईल.
धक्क्यावर जाड हातमोजे दातांनी ओढत म्हणाला,
मधेच आलाच खेळ, तर मला काही सांगायचं नाही.
शेवट तर नाहीच, पहिलं दृश्यही नाही.
रेडिओवर मी हवामान विचारीन.
हवामानच सांगा.

आणि ऑगस्टात तारीख आली: सात नोव्हेंबर.
इव्होनं उसनवारी करून नवं कार्ड आणलं.
यास्नानं बँकेतून तीन दिवसांची रजा टाकली,
कारण म्हणून आजीचं गुडघ्याचं ऑपरेशन लिहिलं.
(आजी रोज चर्चपर्यंत चालत जाते.)
सातातून तीस वजा करता येत नाहीत,
हे आम्हा सगळ्यांना कळलेलं होतं.
हिशोब कुणीच मोठ्यानं केला नाही.
एकदा इव्हो म्हणाला, पहिला तास तरी पाहू,
त्याच्यासाठी थांबू मग.
आणि स्वतःच उठून शेगडी बारीक केली,
बारीकच होती तरी.

ऑक्टोबरात कंपनीचं पत्रक:
आणखी थोडी सफाई हवी. मार्च.
जगभर लोकांनी त्यांचा उद्धार केला.
आम्हीही केला. तोंडाला पानं पुसली, म्हणालो,
अकरा वर्षं काय झोपले होते, म्हणालो,
इव्होनं तर पाना भिंतीवर फेकला,
नकाशा टाळून,
फार जोरात नाही.
मग यास्नाच्या ओठांचा कोपरा हलला
आणि मी शेगडीकडे बघायला लागले.
तिची रजा मात्र मंजूर झालेली होती.
तीन दिवस ती घरीच झोपली.

रविवारी रेडिओवर मिर्को.
खरखर, डिझेलची धडधड, मग त्याचा आवाज:
हवामान?

नैऋत्येचा वारा, मी म्हणाले, ऐंशीच्या वर.
लाटा पाच मीटर. जपून.

आणि पुढं?

मी बटण दाबून ठेवलं, जरा जास्तच वेळ.
पुढं मोकळं आहे, म्हणाले.
मार्चपर्यंत काही येत नाही.

नुसती खरखर.
नंतर दूर कुठंतरी, पाण्यावरून, एक शिवी,
आणि तिच्या मागोमाग हसणं,
तुटत तुटत आलेलं.

त्या रात्री मी एकटीच बसले.
एकतिसाव्या सेकंदाला थांबवलं,
पडद्याला नाक लागेपर्यंत वाकले.

कडी उजवीकडे आहे.

यास्नाला अजून सांगितलेलं नाही.
तो आला की सांगेन.